रिपोर्ट नॉर्मल आला, आता कोलेस्टेरॉलची गोळी बंद करावी का?

घाटंजीकर:

नमस्कार मंडळी. वडिलांच्या औषधावरून आमच्या घरात दोन मते पडली आहेत, म्हणून येथे विचारत आहे. बाबांचे वय 61 असून शुगर आणि बीपी या दोन्हींच्या गोळ्या बऱ्याच वर्षांपासून सुरू आहेत. हृदयाचा त्रास मात्र आजवर झालेला नाही. पोळ्याच्या सुमारास तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावले, तेव्हा एकूण कोलेस्टेरॉल 248, ट्रायग्लिसराइड 190, एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) 38 आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 172 निघाले. त्यावर त्यांनी अटोरव्हास्टॅटिन 20 ही गोळी रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला सांगितली. तीन महिन्यांनी पुन्हा तपासले, तर एकूण 164, ट्रायग्लिसराइड 150, एचडीएल 42 आणि एलडीएल 92. कागदावर एकाही आकड्यापुढे खूण नव्हती, हे पाहून बाबांनी "बिमारी गेली, आता गोळी कायले खाऊ?" असे म्हणून स्वतःच गोळी सोडली.

त्यात आणखी एक कारण मिळाले. यंदा वेचणीला मजूर मिळेनात, त्यामुळे या वयात तेही पऱ्हाटीत उतरले आणि त्याच दिवसांत त्यांच्या मांड्या व पोटऱ्या दुखू लागल्या. शेजारच्या काकांनी सांगितले की या गोळीने मांस झिजते आणि शुगर वाढते. आईचे म्हणणे आहे की डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेले नसताना गोळी सोडायची नाही. रिपोर्ट नॉर्मल असताना गोळी सुरू ठेवण्यात अर्थ आहे काय, दुखणे खरोखर गोळीचेच आहे काय, आणि हे औषध जन्मभर घ्यावे लागते काय, एवढे कोणी समजावून सांगितले तर बरे होईल.

मेडिकलवाला, आर्णी रोड:

भाऊ, मी औषधाचे दुकान चालवतो, डॉक्टर नाही. तेव्हा काउंटरवर जे रोज दिसते तेवढ्यापुरते बोलतो. आपल्या भागात ही गोळी खोकल्याच्या औषधासारखी एका पाकिटापुरती घेतली जाते. रिपोर्ट चांगला आला की गिऱ्हाईक येत नाही, आणि पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक जुन्याच आकड्यांचा नवा कागद घेऊन येते. तो आकडा गोळी चालू असल्यामुळे खाली आलेला असतो. विहिरीवरचा पंप चालू आहे तोवर पाण्याची पातळी खाली राहते, पंप थांबवला की झरे ती पुन्हा वर आणतात, तसेच हे आहे. गोळी सोडल्यावर काही आठवड्यांतच एलडीएल बहुतेक पूर्वीच्या जागी येते.

दुसरी गोष्ट, बाबांकडे असलेली सगळी पाकिटे एकदा एका जागी मांडून वाचून पाहा. बाजारात अटोरव्हास्टॅटिन, क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन एकाच कॅप्सूलमध्ये मिळते. एका डॉक्टरने ती लिहिलेली असते, दुसऱ्याने वेगळी अटोरव्हास्टॅटिन लिहिलेली असते, आणि माणूस नकळत दुप्पट मात्रा घेत राहतो. कंपनीचे नाव मोठ्या अक्षरात आणि औषधाचे नाव बारीक अक्षरात छापलेले असल्यामुळे हे घरात कोणाच्या ध्यानात येत नाही. शिवाय अनेक जण कोलेस्टेरॉलच्या गोळीलाच "रक्त पातळ करायची गोळी" म्हणतात आणि दात काढायचा असला की ती बंद करतात. रक्त न गोठू देणारे औषध म्हणजे अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल. अटोरव्हास्टॅटिनचे काम निराळे आहे. अर्थात दात काढण्यासाठी अ‍ॅस्पिरिनसुद्धा आपल्या मनाने बंद करायचे नसते.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी:

माझी बहुतेक नोकरी यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत व ग्रामीण रुग्णालयांत झाली. आपल्या तीनही प्रश्नांचे मूळ एकच आहे: ही गोळी रिपोर्टमधील आकड्यासाठी दिलेली नसून येत्या दहा-वीस वर्षांतील हार्ट अटॅक आणि लकव्याचा धोका कमी करण्यासाठी दिलेली आहे. आकडा हे केवळ औषध लागू पडत आहे की नाही हे पाहण्याचे साधन आहे.

रक्तातील कोलेस्टेरॉलचा मोठा भाग आपले यकृत स्वतः तयार करते. म्हणूनच तूप आणि अंडी सोडूनही कित्येकांचे एलडीएल फारसे उतरत नाही. अटोरव्हास्टॅटिन ज्या गटातले आहे, त्या स्टॅटिन गटातील औषधे यकृतातील ही निर्मिती एका विकराला (एन्झाइमला) अडवून मंद करतात. त्यामुळे यकृताच्या पेशींना कोलेस्टेरॉलची चणचण भासते, त्या आपल्या पृष्ठभागावरील एलडीएल पकडणाऱ्या ग्राहकांची (रिसेप्टरांची) संख्या वाढवतात आणि रक्तातील एलडीएल ओढून घेतात. हे ग्राहक शोधून काढल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोन अमेरिकी संशोधकांना 1985 चे नोबेल मिळाले, तर पहिले स्टॅटिन जपानच्या अकिरा एंडो यांनी 1973 मध्ये हजारो बुरशी तपासून एका पेनिसिलियम बुरशीतून वेगळे केले होते. "हे सारे कंपन्यांनी काल-परवा काढलेले खूळ आहे" असे गावात ऐकू येते, म्हणून एवढा इतिहास सांगितला. या गटातील पहिले औषध 1987 पासून रुग्णांना दिले जात आहे, आणि 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 4,444 हृदयरुग्णांवरील स्कँडिनेव्हियातील चाचणीत स्टॅटिन घेणाऱ्यांमधील एकूण मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी आढळले. नंतरच्या अनेक चाचण्या एकत्र करून असे दिसले आहे की एलडीएल सुमारे 39 मिलिग्रॅमने उतरले, की हार्ट अटॅक, लकवा यांसारख्या मोठ्या घटनांचा धोका साधारण एक-पंचमांशाने कमी होतो. आपल्या वडिलांचे एलडीएल 80 ने उतरले आहे, तेव्हा हा फायदा किती मोठा आहे याचा अंदाज आपल्याला यावा.

आता "नॉर्मल" या शिक्क्याविषयी. प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेली मर्यादा सरसकट सर्वांसाठी असते. ती पंचविशीतल्या निरोगी मुलाला आणि शुगर-बीपी असलेल्या 61 वर्षांच्या माणसाला सारखीच लावली जाते. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, 2024 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांनुसार कमी किंवा मध्यम धोका असणाऱ्यांचे एलडीएल 100 च्या खाली, जास्त धोका असणाऱ्यांचे 70 च्या खाली आणि अतिशय जास्त धोका असणाऱ्यांचे 55 च्या खाली असावे. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असल्यामुळे आपले वडील किमान दुसऱ्या गटात तरी येतात. म्हणजे 92 हा आकडा त्यांच्यासाठी अद्याप वरचाच आहे, आणि ज्या दिवशी मात्रा वाढवण्याचा विचार व्हायला हवा होता त्या दिवशी गोळी बंद झाली.

मात्रा वाढवण्याबाबतही एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली तर एलडीएल दुपटीने उतरत नाही, फक्त आणखी सहा टक्क्यांच्या आसपास उतरते; पहिल्या गोळीतच बहुतेक काम झालेले असते. त्यामुळे पुढे गरज पडली तर 20 ची 80 करण्याऐवजी एझेटिमाइब 10 ही गोळी जोडता येते. ती आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषले जाऊ देत नाही आणि एलडीएल आणखी 20 टक्क्यांच्या आसपास खाली आणते.

पाय दुखण्याचा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही, कारण माझ्या बाह्यरुग्ण विभागात ही गोळी सुटण्याचे तेच पहिले कारण असे. स्टॅटिनमुळे स्नायू दुखू शकतात हे खरे आहे. पण जितक्या वेळा दोष गोळीवर जातो, तितक्या वेळा तो तिचा नसतो. इंग्लंडमध्ये 2020 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग यासाठी सांगण्यासारखा आहे. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्या 60 जणांना वर्षभरासाठी बाटल्या देण्यात आल्या. काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी आणि काही महिने रिकामी बाटली, असा क्रम होता आणि कोणती गोळी खरी हे त्यांना ठाऊक नव्हते. रोजच्या त्रासाची नोंद त्यांनी फोनवर केली. गोळी नसलेल्या महिन्यांपेक्षा खऱ्या गोळीच्या महिन्यांत त्रास वाढला, परंतु त्यातला जवळपास 90 टक्के त्रास बिनऔषधी गोळीनेही झाला होता. त्या लोकांचे दुखणे खोटे नव्हते, याकडे लक्ष द्यावे. बहुतांशी गोळी घेतो आहोत या धास्तीने ते दुखत होते, गोळीतील औषधाने नव्हे.

स्टॅटिनचे दुखणे सहसा दोन्ही बाजूंना सारखे असते, मांड्या, पोटऱ्या, खांदे अशा मोठ्या स्नायूंत असते आणि औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जाणवते. वडिलांनी दिवसभर वाकून कापूस वेचला आहे, तेव्हा संशय दोन्हीकडे जातो. डॉक्टरांकडे जाऊन सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारे द्रव्य), मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, यकृताची तपासणी आणि थायरॉइडची टीएसएच एवढे रक्त तपासून घ्यावे. थायरॉइड मंदावलेले असेल तर कोलेस्टेरॉलही वाढते आणि स्टॅटिनने स्नायू दुखण्याची शक्यताही वाढते, आणि हे बरेचदा तपासायचे राहून जाते. अंगमेहनतीनेही सीके वाढते, म्हणून रक्त देण्याआधी दोन-चार दिवस शेतातील जड काम टाळावे. अंग फार दुखून लघवी चहासारखी काळपट होऊ लागली, किंवा उठता-बसता येईनासे झाले, तर मात्र तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. असे क्वचित होते, परंतु त्यात मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

शुगर वाढते, हे शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. काही जणांत ती किंचित वाढते, आणि ज्यांची शुगर आधीच सीमेवर होती त्यांना मधुमेहाचे निदान थोडे लवकर होऊ शकते. परंतु मधुमेह्याला सर्वांत जास्त भीती हृदयाची असते आणि तेथे ही गोळी संरक्षण देते, त्यामुळे या कारणासाठी ती सोडणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. हे औषध सामान्यतः दीर्घकाळ घ्यायचे असते. बीपीची गोळी बाबा जशी रोज घेतात, तशीच ही.

संत्राबाग, वरूड:

माझ्या यजमानांना मागच्या वर्षी स्टेंट टाकली. सुट्टी देताना कागदावर रोसुव्हास्टॅटिन 20 लिहिले होते, पण कशासाठी आणि किती दिवस हे त्या रुग्णालयात कोणी सांगितले नाही. योजनेतून उपचार झाले, बिल लागले नाही, पण दोन वाक्ये समजावून सांगायला कोणाला सवड नव्हती. औषधाच्या माहितीपत्रकात ग्रेपफ्रूट खाऊ नये असे वाचले, तेव्हापासून आमच्या घरी संत्री बंद आहेत. बागेचे धनी असून संत्र्याला हात लावायचा नाही, ही मोठीच शिक्षा आहे. डॉक्टरसाहेब, हे खरे आहे काय? आणि जवसाची चटणी व अर्जुनाच्या सालीचा काढा यांनी गोळी कमी करता येते काय?

घाटंजीकर:

डॉक्टरसाहेब, फार उपकार झाले. मेडिकलवाल्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे बाबांची सगळी पाकिटे चटईवर मांडली. दुहेरी गोळी निघाली नाही, पण एक नवीन कॅप्सूल निघाली, जिची आम्हांला माहितीच नव्हती. मांडीच्या सांध्यात आणि कमरेला गजकर्ण झाले होते, त्यासाठी बाबांनी बाजाराच्या दिवशी दुसऱ्या एका डॉक्टरकडून औषध आणले होते. त्यावर इट्राकोनॅझोल असे लिहिलेले आहे. पाय दुखणे त्यानंतरच सुरू झाले, असे आता आईला आठवते. याचा काही संबंध असू शकतो काय?

निवृत्त वैद्यकीय अधिकारी:

संबंध असू शकतो, आणि तो महत्त्वाचा आहे. अटोरव्हास्टॅटिन यकृतातील ज्या दुसऱ्याच एका विकरामुळे शरीरातून निघून जाते, त्या विकरालाच इट्राकोनॅझोल जखडून ठेवते. परिणामी 20 ची गोळी घेतली तरी रक्तात तिचे प्रमाण त्याहून कितीतरी मोठ्या मात्रेएवढे होऊ शकते आणि स्नायूंना इजा होण्याची शक्यता वाढते. सिमव्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन तर इट्राकोनॅझोलसोबत द्यायचीच नसतात; अटोरव्हास्टॅटिन द्यावेच लागले तर कमी मात्रेत आणि लक्ष ठेवून देतात. क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचेही असेच आहे. आपल्याकडे गजकर्णाची साथ गेल्या काही वर्षांत इतकी पसरली आहे की इट्राकोनॅझोल घरोघरी पोहोचले आहे, आणि कोलेस्टेरॉलची गोळीही घरोघरी आहे. ही जोडी एकाच माणसाच्या पोटात जाणे आता नवलाचे राहिलेले नाही. त्वचेच्या डॉक्टरांना बाबांनी आपल्या बाकीच्या गोळ्या सांगितल्या नाहीत आणि त्यांनीही विचारल्या नाहीत, असेच झाले असावे.

गजकर्णाचा उपचारही अर्धवट सोडू नये, नाहीतर ते उलटून येते. दोन्ही औषधांची पाकिटे घेऊन स्टॅटिन लिहिणाऱ्या डॉक्टरांकडेच जावे. इट्राकोनॅझोल संपेपर्यंत स्टॅटिन थांबवायचे की रोसुव्हास्टॅटिनवर न्यायचे, हे ते ठरवतील; रोसुव्हास्टॅटिन त्या विकरावर फारसे अवलंबून नसल्यामुळे तेथे ही अडचण येत नाही. मात्र क्रिएटिनिन पाहूनच त्याची मात्रा ठरवावी लागते आणि आपल्या लोकांमध्ये ती 5 मिलिग्रॅमपासून सुरू करणे बरे असते. इट्राकोनॅझोल बंद केल्यावरही त्याचा अंश आठवडा-दोन आठवडे रक्तात राहतो, हेही त्यांना ठाऊक असेलच, तरी विचारून घ्यावे.

वरूडच्या ताईंना: आपण संत्री खुशाल खावीत. ग्रेपफ्रूटमधील जे द्रव्य आतड्यातील त्या विकराला निकामी करते, ते नागपुरी संत्र्यात चिंता करावी इतके नसते. पपनसात मात्र असते. आणि आपल्या यजमानांचे औषध रोसुव्हास्टॅटिन असल्यामुळे ग्रेपफ्रूटचाही तेथे फारसा प्रश्न येत नाही. मधुमेह असेल तर रस काढून पिण्याऐवजी फळ खावे, एवढेच. जवसाची चटणी चांगली आहे, तंतूंमुळे एलडीएल थोडे उतरते, पण स्टेंट टाकलेल्या माणसाला हवे तेवढे त्याने उतरत नाही. अर्जुनाच्या काढ्याविषयी माझे मत असे की स्टॅटिनची जागा तो घेऊ शकतो हे सिद्ध झालेले नाही, म्हणून गोळी कमी करून काढ्यावर विसंबू नये. स्टेंटने एका ठिकाणची अडलेली रक्तवाहिनी मोकळी होते. बाकीच्या वाहिन्यांतील चरबीचे थर जसेच्या तसे असतात आणि रोसुव्हास्टॅटिन त्यांच्यासाठी आहे. यजमान तंबाखू-सुपारीचा खर्रा खात असतील तर तो आधी बंद करावा, त्याच्याविरुद्ध कोणतीही गोळी पुरी पडत नाही.

सोयाबीनवाला, रिसोड:

विषय निघालाच आहे तर विचारतो. माझे ट्रायग्लिसराइड 640 आले आणि एलडीएलच्या रकान्यात काहीच लिहिले नाही. डॉक्टरांनी स्टॅटिन न देता फेनोफायब्रेट दिले. मला वेगळी गोळी का?

निवृत्त वैद्यकीय अधिकारी:

बहुतेक प्रयोगशाळा एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून ते काढतात, आणि ट्रायग्लिसराइड 400 च्या पुढे गेले की हे गणित चुकते, म्हणून रकाना कोरा राहिला. 500 च्या पुढे स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, त्यामुळे आधी तो आकडा उतरवणारे औषध दिले, हे योग्यच आहे. दारू घेत असाल, मग ती बाटलीतली असो की मोहाची, तर ती बंद करावी. नियंत्रणाबाहेरची शुगरही ट्रायग्लिसराइड वाढवते. आकडा खाली आल्यावर एलडीएल पाहून स्टॅटिनचा निर्णय होईल.

घाटंजीकर:

काल बाबांना घेऊन गेलो होतो. सीके वाढलेले होते, पण घाबरण्याइतके नाही. क्रिएटिनिन आणि टीएसएच ठीक निघाले. डॉक्टरांनी गजकर्णाचा कोर्स पूर्ण होऊन वर दोन आठवडे जाईपर्यंत कोलेस्टेरॉलची गोळी बंद ठेवायला सांगितली आहे, त्यानंतर सीके पुन्हा पाहून रोसुव्हास्टॅटिन 5 सुरू करायची आणि सहा आठवड्यांनी लिपिड तपासायचे, असे ठरले. लक्ष्य 70 च्या खाली आहे हे त्यांनी स्वतः कागदावर लिहून दिले, त्यामुळे बाबांचाही विश्वास बसला. गोळी बरीच वर्षे घ्यायची असल्याने जनऔषधी केंद्रातून घेतली तर चालेल काय?

मेडिकलवाला, आर्णी रोड:

माझ्या धंद्याच्या विरुद्ध जाणारे उत्तर आहे, पण चालेल. औषध तेच असते आणि पैसा बराच कमी लागतो. पाकिटावर फक्त रोसुव्हास्टॅटिन 5 असे लिहिलेले आहे, त्याच्यासोबत फेनोफायब्रेट, अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल असे दुसरे नाव जोडलेले नाही, हे तेथेच उभे राहून वाचून घ्यावे. एका वेळी दोन महिन्यांचा साठा घेऊन ठेवावा, म्हणजे पावसाळ्यात नाल्याला पूर येऊन रस्ता बंद झाला तरी गोळीत खंड पडत नाही. आणि घरातली जुनी अटोरव्हास्टॅटिन वेगळी काढून ठेवावी, नाहीतर बाबा दोन्ही घेतील.